चवथीआधी रंगवलेली भिंत विसर्जनाच्या आतच फुगली. आता कोणता कोट मारू?

मयेची_सून
22 सप्टेंबर

नमस्कार मंडळी. एकच प्रश्न विचारायला बसले होते, लिहिता लिहिता तीन झाले. सांभाळून घ्या.

घर गोव्यात मयेला, डिचोलीजवळ. नवऱ्याच्या आजोबांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं. चिरे मातीत बसवलेले आणि वरून चुन्याचा गिलावा. 2011 साली आम्ही तो चुना खरवडून काढला आणि आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, कारण भिंतीला पाठ टेकली की शर्ट पांढरा व्हायचा. 2016 साली समोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, काँक्रीट घातलं. त्याआधी शेणाने सारवायचो. सासूबाईंचे गुडघे आणि माझी नोकरी, दोघांनाही सारवण झेपेना.

तर पहिला प्रश्न. गणपतीच्या खोलीची एक भिंत बाहेरून खळ्याकडे येते. ती दर पावसात जमिनीपासून कमरेपर्यंत ओली होते. पोपडे सुटतात, पांढरी भुकटी येते, आणि दरवर्षी चवथीच्या आधी पंधरा दिवस आम्ही ते खरवडून रंग मारतो. यंदा दुकानदाराने ओल थांबवणारा म्हणून महागातला रंग दिला. दोन हात मारले, मन भरलं नाही म्हणून तिसरा. आमचा गणपती पाच दिवसांचा. पाचव्या दिवशी चौरंग हलवला तर मागे भिंतीवर पुरीएवढे फुगे. एकाला बोट लावलं तर आतून पाणी आलं. दीर म्हणाले, नैवेद्य कमी पडला म्हणून भिंतीनेच पुऱ्या तळल्या. मला हसू नाही आलं.

दुसरा. खळं जूनपासून काळं पडतं आणि जुलैत त्यावर चालणं म्हणजे सर्कस. सासूबाई तुळशीकडे दिवा लावायला गेल्या आणि घसरल्या. हाड मोडलं नाही, पण पंधरा दिवस हात गळ्यात होता.

तिसरा. मागच्या न्हाणीवरचा 1996 सालचा स्लॅब खालून सुटतोय. गेल्या महिन्यात तळहाताएवढा तुकडा थेट भाणात, अंघोळीचं पाणी तापवायच्या हंड्यात, पडला. वर बघितलं तर सळी दिसते, तांबेरलेली.

तिघांना घर दाखवलं. एकाने भिंतीला आतून टाइल्स सांगितल्या, दुसऱ्याने खळ्याला इपॉक्सी, तिसऱ्याने सगळीकडे एकच कसलंसं केमिकल. मुलाचं चौथंच. सगळा गिलावा काढून चिरा उघडा ठेवायचा आणि वर चकाकतं पॉलिश मारायचं, हॉटेलांत असतं तसं. दसऱ्यानंतर काम काढायचं आहे. कोणता कोट टिकेल, एवढं सांगा.

बाजारातला_बाबू
22 सप्टेंबर

टाइल्स लावून मोकळ्या व्हा ताई. आम्ही म्हापशाच्या घरी लावल्या. ओल दिसायची बंद झाली.

जुना_सुपरवायझर
23 सप्टेंबर

दिसायची बंद झाली, यायची नाही. बाबू, चार वर्षांनी टाइल्सच्या वरच्या कडेला बघ आणि मला सांग. पाण्याला कमरेपर्यंत कोंडलं की ते छातीपर्यंत चढतं. त्याला कुठूनतरी बाहेर पडायचंच असतं.

सूनबाई, मी साईटवर 34 वर्षं काढली, आता फोंड्याला घरी बसून नातवंडांच्या सायकली दुरुस्त करतो. कोट सांगायच्या आधी मला चार गोष्टी हव्या आहेत.

काँक्रीट घालण्याआधी खळ्यातून सोप्यावर चढायला पायऱ्या किती होत्या आणि आता किती आहेत? छपराला पन्हळ आहे की पागोळ्या सरळ खळ्यात पडतात? पूर्वी जूनच्या आधी त्या भिंतीला चुडतं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधायचे का, आणि कधी बंद केली?

चौथी गोष्ट करून बघायची. रंग खरवडलेल्या जागी दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी बघा. थेंब प्लास्टिकच्या खाली, भिंतीकडच्या बाजूला असले तर पाणी भिंतीत आहे. वरच्या बाजूला असले तर खोलीतली हवा दमट आहे आणि खिडकी उघडली तरी पुरे.

मयेची_सून
25 सप्टेंबर

काका, प्लास्टिक लावलं. थेंब खालच्या बाजूला, मोजता येणार नाहीत इतके.

पन्हळ नाही. चुडतं बांधायचो, सासरे होते तोवर. काँक्रीट झाल्यावर बंद केली. पक्कं झालं ना सगळं, आता कशाला, असं झालं.

पायऱ्या आता दोन आहेत. पूर्वीच्या मला आठवेनात, म्हणून सासूबाईंना विचारलं. त्या पटकन म्हणाल्या, तीन. लग्नात माप ओलांडायच्या आधी तीन चढले होते, मोजून. मग लग्नाचा अल्बम काढला. तीनच आहेत.

जुना_सुपरवायझर
25 सप्टेंबर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. दुखणं त्यांनीच ओळखलं.

तुमची तिसरी पायरी काँक्रीटखाली आहे. म्हणजे खळं सहा-सात इंच वर आलं आणि तेवढं जोतं जमिनीत गेलं. जुन्या माणसांनी जोतं उगाच उंच ठेवलं नव्हतं. आता हिशोब करा. पागोळ्या पूर्वी मातीत पडत, माती थोडं पाणी पिई, उरलेलं उतारावरून निघून जाई. आता त्या कडक काँक्रीटवर आपटतात आणि शिंतोडे फूट-दीड फूट भिंतीवर उडतात. तिथे चुडतं नाहीत. यंदा पावसाने शतक ठोकून किती दिवस झाले ते तुम्हालाच माहीत. शंभर इंच पाणी भिंतीच्या पायाशी आपटलं, तर त्यातलं थोडं तरी आत जाणारच.

चिरा म्हणजे स्पंज. खाणीतून निघतो तेव्हा कोयत्याने तासता येतो, वाऱ्यावर कडक होतो, पण भोकं असतात ती असतातच. तो पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा त्याच्या जातीचा, तोही सोडू देतो. शर्टाला लागायचा तो त्याचा एवढाच दोष. सिमेंटचा गिलावा घट्ट. भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नाही, मग ते वर चढत राहिलं. जाताना माती, सिमेंट, वाळू यांतले क्षार विरघळवून घेतं आणि जिथे सुकतं तिथे टाकून देतं. क्षाराचे खडे गिलाव्याच्या पोटात वाढतात आणि त्याला बाहेर ढकलतात. ती तुमची पांढरी भुकटी. ती धुऊ नका, धुतली की विरघळून परत आत जाते. कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरा आणि बाहेर टाका.

आणि रंगाचं म्हणाल तर दोष रंगाचा नाही, तिथीचा आहे. गोव्यात सगळे चवथीआधी रंग काढतात, म्हणजे वर्षातली भिंत सर्वांत ओली असते नेमकी तेव्हा. मीही करायचो, बायकोपुढे इलाज नव्हता. रंगाला भिंत सुकी लागते, ती मार्च-एप्रिलमध्ये मिळते. शिगमो, म्हणजे आपली होळी, झाला की रंगवा. चवथीला नुसतं पुसून घ्या, गणपती रागावत नाही.

आता करायचं काय. दसऱ्यानंतर कोट बिट काही नाही, फक्त तोडफोड.

भिंतीलगत दीड-दोन फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी कटरने कापून काढा. हातोड्याने नको, हादऱ्याने मातीतले चिरे सुटतात. खाली जुनी जमीन लागेपर्यंत खणा, पण जोत्याच्या पायाखाली जाऊ नका. त्या चरीला एका टोकाकडे उतार द्या आणि धुतलेली खडी भरा. पागोळी खडीत पडली की उडत नाही. पन्हळ लावलंत तर सोन्याहून पिवळं, मात्र त्याचं पाणी लांब न्या, भिंतीच्या कोपऱ्यात सोडू नका. हे सांगावं लागतं, कारण मी दहातल्या सात घरांत तेच बघितलंय.

मग आतून-बाहेरून ओलीच्या रेषेच्या वर आणखी एक फूट, म्हणजे साधारण चार फुटांपर्यंत, सिमेंटचा गिलावा काढा. चिरे उघडे पडतील, घाण दिसतील, पाहुणे विचारतील. राहू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी भिंतीला वारा खाऊ द्या. या काळात पुन्हा भुकटी येईल, झाडत राहा. मार्चमध्ये परत प्लास्टिक लावा. थेंब आले नाहीत तरच पुढचं काम.

पुढचं काम म्हणजे चुना. एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि वाळू खाडीची नको, खारट असते. चिरा आधी पाण्याने भिजवायचा, नाहीतर तो गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा भुसभुशीत होतो. पातळ थर, अर्ध्या इंचाच्या आत, पहिला आवळल्यावर दुसरा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही. मार्चच्या उन्हात ओलं गोणपाट टांगून ठेवा. एप्रिलच्या मध्यापर्यंत आटपा, म्हणजे जूनपर्यंत त्याला वेळ मिळेल. वरून चुन्याचीच सफेदी. प्लास्टिकसारखा रंग मारलात तर पुन्हा इथेच भेटू.

वाळपईकर
26 सप्टेंबर

काकांच्या मध्ये बोलायची हिंमत नाही, पण खळ्याबद्दल थोडं. मी केलेल्या चुका तुम्ही करू नका म्हणून लिहितो.

आमच्या वाळपईला पाऊस तुमच्याहून जास्त, शेवाळही तुमच्याहून माजलेलं. पहिल्या वर्षी दिवाळीआधी अंगणावर अ‍ॅसिड ओतलं, न्हाणीघर धुवायचं तेच. फेस आला आणि अंगण पांढरंशुभ्र झालं. शेजारी बघायला आले. दुसऱ्या वर्षी परत ओतलं. तिसऱ्या पावसात शेवाळ आधीपेक्षा लवकर आलं आणि घट्ट बसलं, कारण अ‍ॅसिडने वरचं सिमेंट खाल्लं होतं, वाळू उघडी पडली होती, आणि शेवाळाला धरायला दाणा मिळाला होता. मग भाड्याने प्रेशरचं मशीन आणलं. नोझल टेकवूनच मारलं, मजा येते हो, काळ्यावर पांढरी नक्षी उमटते. ती नक्षी अजून तशीच आहे, खोदल्यासारखी.

आता करतो ते असं. पाऊस उघडलेला दिवस बघायचा. केर काढून अंगण ओलं करायचं. एक भाग हायपोक्लोराइट (पातळ ब्लीच), चार भाग पाणी, झाऱ्याने शिंपायचं. दहा-पंधरा मिनिटं थांबून ताठ नायलॉनच्या ब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. चप्पल, हातमोजे आणि जुने कपडे, कारण उडालेला थेंब डाग नव्हे, भोक पाडतो. तुळस आधी झाकून घ्या आणि पाणी तिच्या मुळाशी जाऊ देऊ नका. विहिरीकडेही नको. आणि हे फार महत्त्वाचं: हायपोक्लोराइट आणि अ‍ॅसिड कधीच एकत्र करू नका. क्लोरीन वायू निघतो, छातीत जातो. एक वापरून राहिलेल्या बादलीत दुसरंही ओतू नका.

शेवाळ मेलं म्हणजे परत येणार नाही असं नाही. सावली आणि साचलेलं पाणी असेपर्यंत येणारच. बादलीभर पाणी ओतून बघा, कुठे तळं होतं ते. दहा फुटांना एक ते दीड इंच उतार हवा, तोही घराच्या विरुद्ध बाजूला. आमच्या गवंड्याने तो तुळशीकडे दिला होता. शोभा म्हणून!

गुळगुळीत घोटलेलं असेल तर ते पावसाळ्यात बर्फ. आम्ही शेवटी तुळशीपासून दारापर्यंत चार फुटी वाट खरवडून नवीन केली. ओलं असतानाच त्यावर खराटा ओढला, वाटेला आडवा. आई आता अनवाणी जाते. इपॉक्सी मात्र उघड्या अंगणात नका घालू. खालून ओल आली की सुटतं, उन्हाने पिवळं पडतं, आणि ओलं झालं की काचच.

आरसीसी_माणूस
27 सप्टेंबर

भिंत आणि खळं झालं, पण ज्याने जीव जाऊ शकतो त्याबद्दल कोणीच बोललं नाही. न्हाणीत अंघोळ थांबवा. आजच. निदान स्लॅबखाली टेकू लागेपर्यंत.

काँक्रीट नवीन असताना त्याच्या आतलं वातावरण इतकं अल्कधर्मी असतं, पीएच 12-13, की सळीवर संरक्षक थर बसून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो आणि तो गुण घालवत जातो. न्हाणीत भाण म्हणजे खाली चूल असणार. धूर आणि वाफ दोन्ही फुकट. हा बदल सळीपर्यंत पोचला की सळी गंजते, गंज मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा घेतो, आणि खालचं काँक्रीट पोपड्यासारखं फुटतं. 1996 च्या घरगुती कामात सळीखाली कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर, किती ठेवलं असेल ते देवाला माहीत. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, सौम्य परिस्थितीला 20 मिमी, मध्यम परिस्थितीला 30 आणि तीव्र परिस्थितीला 45 सांगितलंय. मी पडलेल्या तुकड्यांवर मोजतो तेव्हा 8-10 मिमी मिळतं.

एक सोपी चाचणी. ओळखीच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब घ्या. ताज्या तोडलेल्या, धूळ झटकलेल्या काँक्रीटवर टाका. गुलाबी झालं तर तिथे अजून जीव आहे. रंग आला नाही तर तेवढी जाडी गेली.

दुरुस्ती म्हणजे खालून सिमेंट थापणं नव्हे, ते पुढच्या चवथीला परत भाणात येईल. आधी वरून पाणी कुठून येतं ते बघा. टाकी वर आहे का? नळ ठिबकतो का? मग टेकू लावून सुटलेलं सगळं काढायचं, ठोकल्यावर बोद आवाज येतो तेही. सळीच्या मागे बोट फिरेल एवढी जागा करायची, तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासायची, झिंकचा प्रायमर, जोड धरणारा कोट, आणि पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर थराथराने. सळी पाव भागाहून जास्त झिजली असेल तर नवी सळी जोडावी लागेल आणि ते गवंड्याच्या अंदाजाने नाही, इंजिनीअरला दाखवून. छोटा स्लॅब आहे, कदाचित पाडून नवीन घालणंच स्वस्त पडेल. नवीन घातलात तर पाणी दहा दिवस मारा. बाजारात बहुतेक मिश्र सिमेंट मिळतं, त्याला सात दिवस पुरत नाहीत.

मयेची_सून
27 सप्टेंबर

बाप रे. न्हाणी आजपासून बंद. टाकी वरच आहे, आणि हो, नळ ठिबकतो. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी वर चढत नव्हतं.

काका, मुलगा विचारतोय की चार फूट गिलावा निघतोच आहे तर चिरा तसाच उघडा का नको? आणि चुन्याचं काम येणारा माणूस आता कुठे मिळतो?

जुना_सुपरवायझर
28 सप्टेंबर

मुलाला रविवारी जुन्या गोव्याला घेऊन जा. बॉम जेझूसची बासिलिका 1605 साली पुरी झाली, तेव्हापासून साडेतीन शतकं तिला गिलावा होता. 1950 च्या दशकात तो काढला, दगड छान दिसतो म्हणून. आज बाहेरच्या चिऱ्याजवळ उभा राहून त्याने हाताने बघावं किती झिजलाय. गिलावा परत करावा की नाही यावर वाद चालू आहे, आणि सगळ्यांना लाल चिऱ्याचा फोटो आवडतो, ही अडचण. चिऱ्याचे कितीतरी प्रकार असतात. कडक, घट्ट चिरा उघडा राहतो, आमच्याकडचे गडगे, कुंपणाच्या भिंती, पिढ्यान् पिढ्या उभे आहेत. पण ज्या चिऱ्यावर गिलावा होता तो बहुतेक गिलाव्याच्या भरवशावरच निवडलेला असतो. नखाने खरवडून बघा, भुकटी निघाली तर उघडा ठेवू नका.

आणि ते चकाकतं पॉलिश नकोच. ती नवीन प्लास्टिकची साडी, आत घाम. कुठे उघडा चिरा ठेवायचाच असेल, कुंपणाला वगैरे, तर आत मुरणारं सिलेन-सिलोक्झेन मारतात. दिसत नाही, पाणी अडवतं, वाफ सोडतं. तेही सुक्या दगडावरच. दरजा भरताना सिमेंट कमी, चुना जास्त. सिमेंटची दरज चिऱ्याहून कडक झाली की चिरा झिजतो आणि दरजच फळीसारखी पुढे उरते, बघितलं असेल तुम्ही.

माणूस शोधावा लागेल. देवळांची जुनी कामं जिथे चालू असतात तिथे विचारा. चुना पूर्वी आपल्याकडे शिंपले भाजून करत, आता गोणीतला मिळतो. आणून ताबडतोब वापरू नका, निदान एक रात्र पाण्यात मुरवा. न विझवलेला कळीचा चुना कोणी आणला तर पोरांना लांब ठेवा, पाणी पडलं की उकळतो, डोळ्यात उडाला तर खेळ संपला. गुळाचं पाणी घालतात काही जण, घालू दे, मुंग्यांची तक्रार माझ्याकडे करू नका.

मयेची_सून
9 मार्च

काका, बाबू, वाळपईकर, आरसीसी, सगळ्यांसाठी. उशीर झाला, पण शिगम्याआधी लिहायचं ठरवलं होतं.

न्हाणीचा स्लॅब पाडला. ठोकत गेलो तर अर्ध्याहून अधिक बोद निघाला, आणि दोन सळ्या बोटाने वाकल्या. नवीन घातला, कव्हरचे ठोकळे मी स्वतः मोजून ठेवले. गवंडी म्हणाला, बाई इंजिनीअर आहेत काय. दहा दिवस पाणी मारलं. टाकी आता बाजूला, लोखंडी स्टँडवर.

खळ्याची वाट खरवडून खराटा ओढला. उरलेलं तसंच आहे, पैसे संपले.

भिंतीचा गिलावा चार फुटांपर्यंत काढला. डिसेंबरभर रोज सकाळी सुपलीभर खार, फेब्रुवारीत चमचाभर. गेल्या रविवारी प्लास्टिक लावलं, सोमवारी कोरडं ठणठणीत. नवरा दोनदा हात फिरवून गेला.

आणि पट्टी कापताना दाराशी तिसरी पायरी निघाली. अखंड चिऱ्याची, मधोमध झिजून खोलगट झालेली, वर सिमेंटचा ओघळ सुकलेला. मी म्हटलं तासून घेऊ. सासूबाई म्हणाल्या, हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यांनी तिच्यावर रांगोळी घातलेली.

चुन्याचा माणूस फोंड्याजवळच्या एका देवळाच्या कामावर सापडला. घर बघून गेला, भिंतीला नख लावलं, जिभेला लावून थुंकला आणि म्हणाला, बुधवारी येतो. कोणत्या बुधवारी ते सांगितलं नाही. काका, वाळू आणून ठेवू की तो आल्यावर त्यालाच निवडू देऊ?

जुना_सुपरवायझर
9 मार्च

त्यालाच निवडू दे. जीभ लावणारा माणूस आहे, खारट वाळू तो परत पाठवेल. चुना मात्र आजच भिजत घाला.